प्रार्थनेची वही

रोजनिशी हा शब्द मराठी माणसास नवा नाही. पेशवाईच्या दप्तरात रोजनिश्या आहेत. कोणास काय दिले, कोणत्या परगण्यास कोणती आज्ञा गेली, कोणत्या तंट्याचा काय निकाल झाला, ह्यांच्या दिवसवार नोंदी त्यांत आढळतात. व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द असे. दिवसभराची जमा व नावे तीत मांडून सायंकाळी शिल्लक काढीत. तेव्हा रोज लिहावयाचे ते हिशेबासाठी, ही कल्पना आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. स्वतःच्या मनाची रोजनिशी लिहू लागलेला मनुष्यही बहुधा ह्याच वळणाने जातो. आज काय चुकले, काय करावयाचे राहिले, कोणास दुखविले, ह्यांची तो यादी करितो. आणि शिल्लक काढू लागला म्हणजे ती नेहमी त्याच्या अंगावरच निघते.

ख्रिस्ती धर्मात रोज लिहिणे हा प्रार्थनेचा एक प्रकार म्हणून शतकानुशतके चालत आला आहे. परंतु तेथेही हिशेबाची वही आणि प्रार्थनेची वही अशा दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने कित्येक सज्जनांस आयुष्यभर छळिले. दुसरीने पुष्कळांस स्वतःकडे दयेने पाहावयास शिकविले. ह्या दोहोंतील भेद कोणता, आणि स्वतःवर निकोप प्रेम करणे ही गोष्ट ख्रिस्ती शिकवणुकीत बसते की नाही, हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

हा विषय केवळ मठांतील साधकांचा आहे असे कोणी समजू नये. पनवेलच्या शेजारचे करंजाडे घ्या. एके काळी भातशेतीच्या मुलखातील हे एक गाव. आज तेथे सिडकोने आखलेले रस्ते आणि बहुमजली इमारती उभ्या आहेत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ज्या गावांची घरे हलवावी लागली, त्यांतील कित्येक कुटुंबांस ह्याच परिसरात जागा मिळाली. आणि निरनिराळ्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेली नोकरदार कुटुंबे त्यांच्या शेजारी येऊन राहिली. अशा नव्या वस्तीत माणसे पुष्कळ असतात, पण जुन्या ओळखी थोड्या. ज्या वडीलधाऱ्यांजवळ मन मोकळे करावे ते दूर गावी. ज्या मंदिरात लहानपण गेले तेही दूर. मनुष्य दिवसभर काम करितो, रात्री दार लावून घेतो, आणि मग त्याच्याशी बोलावयास एकच जण उरतो, तो म्हणजे तो स्वतः. ही सोबत पुष्कळदा फार कठोर असते. इतरांशी जे शब्द तो कधी उच्चारणार नाही ते स्वतःशी बोलताना तो सहज वापरतो. अशा वेळी हाती वही घेणाऱ्याने ती कशी लिहावी, हा प्रश्न त्याच्या सुखदुःखाचा आहे.

ख्रिस्ती परंपरेतील आत्मनिवेदनाचा आद्य ग्रंथ म्हणजे संत ऑगस्टीन ह्यांची 'कबुली'. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो ह्या नगरीचे ते बिशप होते आणि इ. स. ३९७ च्या सुमारास त्यांनी हा ग्रंथ लिहावयास घेतला. ती रोजनिशी नव्हे. गतायुष्याचे अवलोकन आहे. परंतु पुढील सर्व लेखकांस त्याने एक वळण लावून दिले. ह्या ग्रंथात लेखक आपल्या चोऱ्या, आपले मोह, आपला गर्व ह्यांविषयी सांगतो, पण ते वाचकास उद्देशून नव्हे आणि स्वतःस उद्देशूनही नव्हे. तो प्रथमपासून शेवटपर्यंत देवाशी बोलत असतो. स्वतःविषयी बोलणे आणि स्वतःविषयी कोणाशी तरी बोलणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात आरोपी आणि न्यायाधीश एकच असतो, आणि त्या खटल्यास शेवट नसतो. दुसऱ्यात ऐकणारा असतो.

हे अंतर स्वतःच्या जिवावर बेतून ज्याला कळले तो पुरुष म्हणजे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला. इ. स. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने ह्या स्पॅनिश सरदाराचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली, आणि एक वही केली. तीत ख्रिस्ताचे शब्द तांबड्या शाईने आणि मरियेचे शब्द निळ्या शाईने ते सुवाच्य अक्षरात उतरून घेत. अशी सुमारे तीनशे पृष्ठे झाली. ही त्यांची पहिली वही. तीत स्वतःच्या पापांचा उल्लेख नाही, प्रिय वाटलेल्या शब्दांचा संग्रह आहे.

पुढल्याच वर्षी मान्रेसा येथे त्यांस निराळा अनुभव आला. आपण पूर्वीची पापे पुरती कबूल केली नाहीत, काही तरी राहिलेच, ह्या शंकेने त्यांस ग्रासले. धर्मगुरूने सांगितले की आठवतील ती सर्व लिहून काढ. त्यांनी ती लिहून काढली, कबुली दिली, आणि शंका अधिकच बारीक होऊन पुन्हा उभ्या राहिल्या. यादी जितकी लांब, तितके काही सुटल्याचे भय मोठे. अखेर जीव देण्याचे विचार मनात येऊ लागले. लेखणी स्वभावतःच औषध आहे असे मानणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी. इग्नाशियस त्या अंधारातून बाहेर आले ते अधिक लिहून नव्हे. हे विचार कोठून सुरू होतात आणि आपणांस कोठे नेऊन सोडतात, ह्याचे त्यांनी निरीक्षण केले. ज्याचा शेवट जीवनाच्या तिटकाऱ्यात होतो तो विचार देवाचा नव्हे असे त्यांनी ओळखले. आणि जुनी पापे पुन्हा उकरावयाची नाहीत असा निश्चय केला.

ह्याच अनुभवातून त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या छोट्या ग्रंथातील नित्य आत्मपरीक्षणाची पद्धत आली. ह्या ग्रंथास १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. आत्मपरीक्षणाच्या पायऱ्या पाच आहेत. पहिली, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानणे. दुसरी, आपले दोष दिसावेत म्हणून त्याच्याजवळ प्रकाश मागणे. तिसरी, दिवसाचे तासवार अवलोकन. चौथी, क्षमायाचना. पाचवी, उद्याचा संकल्प. ह्या क्रमात मर्म आहे. अवलोकनाचे काम तिसरे आहे, पहिले नव्हे. आधी आभार, मग प्रकाशाची याचना, आणि मगच हिशेब. जो आधी घेणेकऱ्यासारखा दाराशी उभा राहतो त्यास घरातले धन दिसत नाही; जो आधी घरातले धन पाहतो, तो देणेही न घाबरता मोजतो. पुढे रोम येथे संघाच्या नियमांचा विचार चालू असता इग्नाशियस स्वतःची रोजनिशी लिहीत असत. तिच्यातील फेब्रुवारी १५४४ पासून फेब्रुवारी १५४५ पर्यंतचा भाग आज उपलब्ध आहे. कोणत्या प्रार्थनेत अश्रू आले, कोणत्या वेळी मन शांत राहिले, ह्यांच्याच नोंदी तीत पानोपानी दिसतात.

ही पद्धत आपल्या किनाऱ्यास पोहोचावयास वेळ लागला नाही. इग्नाशियसचे सहकारी संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास उतरले. १५७९ मध्ये तेथेच आलेले फादर थॉमस स्टीफन्स हेही येशूसंघाचेच. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. ख्रिस्ती भक्ती मराठीत लिहिता येते, किंबहुना ती मराठीच्या अंगी शोभते, हे त्या ग्रंथाने सवातीनशे वर्षांहून जुन्या काळापासून नव्हे, तर चारशे वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेविले आहे.

एकोणिसाव्या शतकात आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर रोजनिशीची दुसरी परंपरा महाराष्ट्रात आली. अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईस आले. त्या काळच्या मिशनरी मंडळींत डेव्हिड ब्रेनर्ड ह्या तरुणाची रोजनिशी अत्यंत प्रिय होती. अमेरिकेतील मूळ रहिवाशांत काम करून, क्षयाने झिजून, तो १७४७ मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. जोनाथन एडवर्ड्स ह्या विख्यात धर्मशास्त्र्याने १७४९ मध्ये ती रोजनिशी चरित्ररूपाने प्रसिद्ध केली. तीत देवाविषयीची तळमळ जशी ओसंडते, तसा स्वतःविषयीचा तिटकाराही ओसंडतो. नवल हे की, खुद्द एडवर्ड्सनेच प्रस्तावनेत ह्या साधुपुरुषाचे दोन दोष उघड सांगितले: एक, त्याची खिन्न प्रकृती, दुसरा, शरीराची पर्वा न करता केलेले अतिश्रम. खिन्नता ही भक्तीची खूण नव्हे, ह्याची जाणीव त्याने वाचकांस दिली होती. तथापि वाचकांनी पुष्कळदा ती मानली नाही. ब्रेनर्डच्या उदाहरणाने भारून गेलेला हेन्री मार्टिन १८११ मध्ये काही आठवडे मुंबईस राहून पुढे इराणात गेला आणि १८१२ मध्ये एकतिसाव्या वर्षी वाटेतच मरण पावला. त्याच्याही रोजनिशीत स्वतःवरील आसूड वारंवार वाजतो. ह्या पुरुषांचा त्याग थोर होता ह्यात संशय नाही; परंतु त्यांच्या वहीतील आसूड हा त्या थोरवीचा उगम होता असे मानणे चुकीचे होय.

मराठी ख्रिस्ती लेखकांकडे वळले असता निराळा वारा लागतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक प्रांजळ गोष्ट सांगितली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ज्याच्यावर तो धर्म उभा आहे तो ख्रिस्त मिळाला नाही. ह्या विदुषीने तोवर कष्टात, अभ्यासात, परोपकारात काही कमी केले नव्हते. तिला उणीव भासली ती अधिक कर्तृत्वाची नव्हे. आपण जशा आहोत तशा स्वीकारल्या गेलो आहोत, हे अंतःकरणास पटण्याची ती उणीव होती. ते पटल्यावर केडगावच्या मुक्ती मिशनात शेकडो निराधार स्त्रियांस त्यांनी आसरा दिला. स्वतःचा स्वीकार झाला म्हणून हात आखडले नाहीत. उलट ते अधिक लांब झाले.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. ही प्रार्थनेची वही नव्हे, पण स्वतःकडे कसे पाहावे ह्याचा तो उत्तम धडा आहे. पतीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हाचा आपला आकांत, सोवळेओवळ्याचा आपला हट्ट, आणि पुढे जातिभेदाची गाठ मनातून कशी सुटली, हे सारे त्या लपवीत नाहीत. परंतु कोठेही स्वतःचा धिक्कार नाही. एखादी आजी नातवंडाच्या खोड्या सांगते तशा त्या आपल्या पूर्वीच्या चुका सांगतात. हसतात, पण चूक ती चूक असेही म्हणतात. सत्य आणि ममता ह्यांचा असा मिलाफ म्हणजेच निकोप आत्मप्रीती.

आणि त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनी तर ख्रिस्तास माउली म्हटले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत वारकऱ्याची भाषा ख्रिस्ताच्या पायी वाहिलेली आहे. येथे मराठीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. कचेरीतील साहेबास आपण 'आपण' म्हणतो, वडिलांस पुष्कळ घरांत 'तुम्ही' म्हणतात; परंतु आईला 'तू' आणि देवाला 'तू'. जो हिशेब साहेबापुढे मांडावयाचा तो 'आपण' ह्या शब्दाने सुरू होतो आणि तीत सबबी, भीती व लपवाछपवी आपोआप येते. जो आईपुढे मांडावयाचा त्यात रडणे, रुसणे, हट्ट करणे, कबूल करणे सारे चालते. प्रार्थनेची वही आणि हिशेबाची वही ह्यांतील भेद मराठी माणसास ह्या एका 'तू' शब्दात सापडेल.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ख्रिस्ताने आपल्या शिष्यांस आत्मत्याग करावयास सांगितले. नव्या करारात स्वतःवरच प्रेम करणाऱ्या लोकांची गणना दुर्जनांत केली आहे. मग आत्मप्रीती ही साधना कशी? ह्याचे उत्तर स्वतः ख्रिस्ताच्याच आज्ञेत आहे. शेजाऱ्यावर प्रेम किती करावे हे सांगताना त्याने जे माप वापरले ते माणसाच्या स्वतःवरील प्रेमाचेच होते. ही आज्ञा जुन्या करारातील लेवीय ह्या पुस्तकातून आलेली आहे. माप खोटे असेल तर मोजलेली वस्तूही खोटीच ठरेल. जो स्वतःस एक चूकही क्षमा करीत नाही, तो घरातील मुलांच्या व कचेरीतील हाताखालच्या माणसांच्या चुका फार काळ सोशीत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

बाराव्या शतकातील संत बर्नार्ड ह्यांनी देवावरील प्रेमाविषयी लिहिलेल्या निबंधात चार पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम मनुष्य स्वतःवर स्वतःसाठी प्रेम करितो. मग स्वतःच्या गरजेपोटी देवावर प्रेम करितो. पुढे देवावर देवासाठी प्रेम करितो. कोणासही वाटेल की शिखर आले. पण बर्नार्ड आणखी एक पायरी सांगतात, आणि ती सर्वांत दुर्लभ: देवासाठी स्वतःवर प्रेम करणे. वाट जेथून निघाली तेथेच परत येते, परंतु येणारा मनुष्य बदललेला असतो. पहिल्या पायरीवरील प्रेम म्हणते, 'हे माझे आहे म्हणून मोलाचे.' चौथ्या पायरीवरील प्रेम म्हणते, 'हे त्याला प्रिय आहे, मग मी त्याचा तिरस्कार का करावा?' तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही हाच भेद केला: बेताल आत्मप्रीती हे पापाचे मूळ, आणि देवाची वस्तू म्हणून स्वतःवर केलेली प्रीती ही धर्माचाच भाग. तेव्हा त्यागावयाचा तो अहंकाराचा अंमल; देवाने दिलेला जीव नव्हे.

हा भेद प्रत्यक्ष वहीत कसा उतरतो, हे उदाहरणाने पाहू. समजा, करंजाड्यास राहणारी एक स्त्री पनवेलहून लोकल गाडीने मुंबईस नोकरीला जाते. जाण्यायेण्यातच तिचे रोज तीन तास मोडतात. एके रात्री घरी येताच अभ्यास न केलेल्या मुलावर ती ओरडते. मूल रडत झोपी जाते. ती वही उघडते. हिशेबाच्या वहीत ती लिहील: 'मी वाईट आई आहे. मला संयम नाही. मी नेहमीच अशी वागते. माझ्याने काही होणार नाही.' ह्या चार वाक्यांत घडलेली घटना एकही नाही. सगळी विशेषणे आहेत, आणि विशेषणांस पश्चात्ताप करिता येत नाही. 'नेहमीच' हा शब्द तर सत्यही नव्हे.

प्रार्थनेच्या वहीत तीच स्त्री असे लिहील: 'प्रभो, सकाळी शेजारच्या काकूंनी विचारून डबा दिला, त्याबद्दल तुझे आभार. मला आज दिवस नीट पाहू दे. साडेआठला घरी आले. दुपारनंतर पोटात काही नव्हते. वही कोरी दिसली आणि मी ओरडले. त्याचा चेहरा उतरला, तरी मी थांबले नाही. ते चुकले. तो रडत झोपला, हे मला सहन होत नाही. मला क्षमा कर. त्याच्यावर तुझे प्रेम आहे, आणि ह्या दमलेल्या बाईवरही आहे, हे मला विसरू देऊ नको. सकाळी उठल्याबरोबर त्याला जवळ घेऊन चुकले म्हणून सांगेन. आणि उद्यापासून परतताना पिशवीत काही खाण्यास ठेवीन.' येथे चूक झाकलेली नाही. उलट पहिल्या नोंदीपेक्षा ती अधिक स्पष्ट आहे. चेहरा उतरला तरी थांबले नाही, ही कबुली पहिल्या नोंदीत नव्हतीच. स्वतःस शिव्या देणाऱ्यास पुष्कळदा स्वतःच्या चुकीकडे पाहण्याचे धैर्य नसते. ममतेने पाहिल्याखेरीज ते येत नाही. आणि पिशवीतील खाऊ ही क्षुल्लक गोष्ट समजू नये. जुन्या करारात निराश होऊन मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्यास देवाने आधी उपदेश केला नाही. झोपू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि मग पुढचा रस्ता दाखविला. देहाची काळजी घेणे हे आत्म्याच्या कामातून पळणे नव्हे.

ही वही लिहू इच्छिणाऱ्याने फार मोठा बेत करू नये. साधी शाळकरी वही आणि रात्रीची किंवा पहाटेची पंधरा मिनिटे पुरेत. वर तारीख घालावी. आरंभी आभाराच्या दोनतीन नोंदी, पण ठोस असाव्यात. 'सर्व कृपेबद्दल' असे न लिहिता आज कोणाकडून काय मिळाले ते लिहावे. मग दिवसातील ज्या एका प्रसंगाशी मन पुन्हा पुन्हा अडते तेवढाच घ्यावा, आणि तो नावांनी व क्रियापदांनी सांगावा. राग असेल तर तोही देवास सांगावा. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाणी थोडी नाहीत. त्यानंतर लेखणी खाली ठेवून काही वेळ गप्प बसावे, कारण प्रार्थना हे एकट्याचे भाषण नव्हे. ज्यांस ठाऊक आहे त्यांनी शुभवर्तमानातील एखादा प्रसंग वाचावा आणि त्यातील ख्रिस्त आपणांस ह्या घटकेस काय म्हणाला असता ते एकदोन ओळींत लिहावे. तो शब्द अपमानाचा वाटला तर तो बहुधा आपल्याच मनाचा होय, असे समजावे. शेवटी उद्या करावयाचे एकच काम लिहावे. आठवड्यातून एकदा मागील पाने चाळावी. कोणत्या गोष्टींनी मन उघडले आणि कोणत्यांनी मिटले हे तेव्हाच दिसते.

आधुनिक मानसशास्त्रज्ञांनीही ह्या वाटेवर काही मोजमाप केले आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर ह्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांस ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले. ज्यांनी आपल्या दुःखद प्रसंगातील घटना व भावना ही दोन्ही लिहिली, ते पुढील काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. त्यानंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. सरासरीने लाभ दिसला, पण तो माफक. २००३ मध्ये क्रिस्टिन नेफ ह्या संशोधिकेने आत्मकरुणेची तीन अंगे सांगितली: स्वतःशी कोमलपणा, दुःख व चूक सर्व माणसांच्या वाट्यास येते ही जाणीव, आणि वेदना न फुगविता, न दडपिता पाहणे. तिने स्फूर्ती घेतली ती बौद्ध विचारातून. तरी ख्रिस्ती साधकास त्यात आपल्या ओळखीचे पुष्कळ सापडेल.

तथापि शास्त्र आणि परंपरा दोघांचाही इशारा एकच आहे. लिहिता लिहिता मन त्याच त्या वर्तुळात फिरू लागले, प्रत्येक पान मागच्यापेक्षा काळे होऊ लागले, तर वही मिटावी. इग्नाशियसला जे मान्रेसा येथे कळले ते हेच. अशा वेळी पाळक, धर्मगुरू किंवा विश्वासू मित्र ह्यांच्याशी तोंडाने बोलावे. जीव नकोसा वाटत असेल तर विलंब न लावता वैद्याकडे जावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेशी १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. औषध घेणे हे श्रद्धेच्या उणेपणाचे लक्षण नव्हे.

घरातील इतरांसही येथे एक कर्तव्य आहे. कोणाची प्रार्थनेची वही हाती लागली तर ती उघडू नये. दुसरे कोणी वाचील असे भय शिरले की लेखक सजवून लिहू लागतो, आणि सजविलेली कबुली ही कबुली राहत नाही. इग्नाशियसने आपली टिपणे जवळच्या सहकाऱ्यासही नीट पाहू दिली नाहीत. जुनी पाने फाडून टाकणे किंवा जाळणे ह्यातही काही वावगे नाही. लिहिण्याचा उद्देश कागद साठविण्याचा नसतो.

वही बरोबर चालली आहे की नाही, ह्याची परीक्षा अखेर वहीबाहेर व्हावयाची. जी आत्मप्रीती मनुष्यास आपल्याच आरशापुढे खिळवून ठेवते ती निकोप नव्हे. जी त्यास वही मिटून उठवते आणि शेजारच्या खोलीतील माणसाकडे नेते ती निकोप. ख्रिस्तास पकडले त्या रात्री त्याच्या दोन शिष्यांच्या हातून पातक घडले. एकाने त्यास विकले, दुसऱ्याने ओळख नाकारिली. पश्चात्ताप दोघांसही झाला. यहूदा आपल्या पश्चात्तापासह एकटाच निघून गेला आणि त्याने जीव दिला. पेत्र रडला, पण परत आला; पुढे तळ्याकाठी ख्रिस्ताने त्यास तीन वेळा प्रेमाविषयी विचारिले आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकून कळपाची काळजी त्याच्यावर सोपविली. झालेल्या चुकीचा हिशेब तेथे कोणी मागितला नाही. पेत्रास काम मिळाले, आणि तो उठून कामास लागला.